सहा खळग्यांचं ताट

सासूबाई स्टुलावर चढल्या आणि खाली सुनेनं स्टूल घट्ट धरलं. सगळ्यात वरच्या फळीवरची भांडी वर्षातून एकदाच, ज्यूंच्या वल्हांडणाच्या सणाला खाली यायची. त्या दिवसांत घरात पाव नाही, बिस्किट नाही, आणि ज्याला त्यांचा स्पर्श झालाय असं भांडंही नाही. ते चिनी मातीचं मोठं ताट शेवटी असायचं. सणाच्या सहा पदार्थांसाठी त्याला सहा खळगे होते. सासूबाईंच्या आजीचं ताट.

लग्न झालं त्याच हिवाळ्यात सुनेच्या मैत्रिणी आल्या होत्या. सासूबाई बाहेर गेलेल्या. ते खळगे बघून सूनबाईंना काय अवदसा आठवली कोण जाणे! खळग्यांत लोणी, जॅम, मध, आणि मधोमध गरमागरम टोस्ट. माहेरी सगळी भांडी स्टीलची, सणाआधी उकळली की झालं. इथंही तसंच, असं ती धरून चालली. पुढे तयारीच्या वेळी सासूबाई सहज म्हणाल्या, "चिनी मातीला पाव लागला की संपलं. ती उकळूनही चालत नाही." हिनं टोस्टची गोष्ट तशीच दडवली. मग अचानक सण नणंदेकडे करायचं ठरलं, म्हणून त्या वर्षी ती वाचली.

यंदा पळवाट नव्हती. गप्प बसावं तर अख्ख्या घराचा सण बाटणार. बोलावं तर ताट जाणार, आणि सासूबाईंची मायाही.

"आई, ते ताट नका काढू." तिला रडूच फुटलं. "मी त्यात टोस्ट वाढले होते. लग्न झालं त्या वर्षी."

सासूबाई ताट घेऊन सावकाश खाली उतरल्या.

"माहीत आहे. खळग्यात चुरा सापडला मला. धर्मगुरूंना विचारलं, आजीचं ताट आहे, काहीतरी मार्ग सांगा. ते म्हणाले, पुरतं वर्षभर वापरू नका, मग उकळून घ्या. एवढी सवलत देतो. चल, मोठ्या पातेल्यात पाणी ठेव."

सून त्याच स्टुलावर मटकन बसली. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"बोलून तुला रडवू? त्यापेक्षा घरचा सण दुसरीकडे नेला." सासूबाईंनी फडकं उचललं. "नाहीतर माझ्या लेकीच्या हातचं ते अळणी जेवण मी मुकाट्यानं कोणासाठी गिळलं असं वाटतं तुला?"