दाताळ्यावरची खूण

संग्रहालयात काचेआड खळ्यावर धान्य ओढायचं लाकडी दाताळं आणि खाली शेजाऱ्याच्या नावाची पाटी, ‘यांच्याकडून सप्रेम भेट’. ती वाचून म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्याच्या लग्नाआधी त्याच्याकडून दोन दिवसांसाठी म्हणून नेलेलं हे दाताळं शेजाऱ्याने पन्नास वर्षं परत दिलं नव्हतं.

“सप्रेम म्हणे! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!” तो संग्रहालयाच्या बाईंवर कडाडला. “काढा बाहेर. दांड्याच्या टोकाला आमच्या घरची खूण आहे, तीन खाचा.”

बाईंनी दाताळं काढलं. “खरंय, आजोबा. मळ घासला तेव्हा या तीन खाचा दिसल्या. आणि खाली ही जुनी खूणही निघाली, अर्धवट तासलेली. गोलात फुली. ही कोणाची हो?”

म्हाताऱ्याचा आवाज एकदम मऊ झाला. “जाऊ द्या. पाटी राहू द्या आहे तशी.”

पण सोबत आलेल्या त्याच्या म्हातारीने चष्मा लावून दांड्याला नाक टेकवलं होतं.

“अहो, ही तर माझ्या माहेरची खूण! बाबा मरेपर्यंत या दाताळ्याचा चोर शोधत होते, आणि जावई म्हणून पहिलं ताट तुम्हालाच वाढत होते!”