दुसऱ्या बेसवरची मुलगी

खिळा पहिल्या बेसवर उभी होती, आणि आता सगळं तिच्यावर होतं.

खिळा म्हणजे बारशाचं नाव नव्हे. जिथे उभी राहील तिथून हलायचं नाव नाही, म्हणून वर्गानं ठेवलेलं. तिलाही ते आवडायचं. आईला नाही.

बेसबॉलच्या सामन्याचा शेवटचा डाव. धावा बरोबरीत. तिच्या संघाची एक मुलगी बाद, आणखी दोघी गेल्या की खेळ खल्लास. बरोबरी झाली तर चषक गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडेच राहणार, म्हणजे निळ्या टोप्यांकडे. आणि चषक नाही तर संघ नाही, हे मोठ्या बाईंनी सकाळीच सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं होतं. पुढच्या आठवड्यापासून या मैदानात शाळेच्या बसगाड्या उभ्या राहतील. मुलींनी हवं तर कॅरम खेळावा.

बॅट घेऊन उभी होती चष्मेवाली, खिळाची जिवाभावाची मैत्रीण. पीटीच्या बाई बाकावरून पुन्हा पुन्हा बजावत होत्या, चेंडू जमिनीला लागला की खिळानं मागे न बघता पळायचं.

तेही बरोबरच होतं. एका बेसवर दोघी राहू शकत नाहीत. बॅटर पहिल्या बेसकडे निघाली की आधीच्या मुलीला जागा सोडावीच लागते. या सक्तीच्या धावेत तिच्या अंगाला चेंडू लावायचीही गरज नसते. पुढच्या बेसवर कुणी चेंडू घेऊन नुसता पाय ठेवला तरी ती बाद. मागची आधी बाद झाली तर सक्ती सुटते, मग चेंडू अंगालाच लावावा लागतो, पण तेवढा विचार करायला वेळ कुणाला असतो? सगळा मामला दोन-तीन सेकंदांचा.

चष्मेवालीनं चेंडू मारला. मारला म्हणजे काय, ढकलला. तो टुणटुणत थेट पहिल्या बेसवरच्या निळ्या टोपीच्या पुढ्यात गेला. तिनं तो उचलला, पायाशीच असलेला बेस तुडवला, चष्मेवालीला बाद केलं आणि चेंडू दुसऱ्या बेसकडे भिरकावला. तिथे उभी होती शिडी, निळ्या टोप्यांची कप्तान. तिनं बेसवर पाय रोवून चेंडू झेलला. खिळा घसरत आली तेव्हा धुळीशिवाय काही दिसत नव्हतं.

मैदानभर एकच गलका झाला. दोघी गेल्या, दोघी गेल्या. निळ्या टोप्या हवेत उडाल्या. पंचकाका, जे एरवी घड्याळं दुरुस्त करतात आणि घड्याळापेक्षाही कमी बोलतात, दोन्ही हात पसरून काहीतरी म्हणाले. त्या गोंधळात ते ऐकतंय कोण?

शिडीनं रिवाजाप्रमाणे चेंडू पिचरच्या उंचवट्यावर नेऊन ठेवला. परत येऊन पाहते तर खिळा अजून बेसवरच. गुडघा सोललेला, तोंडभर माती, आणि नजर समोर.

"काय गं, इथेच मुक्काम का?" शिडीनं विचारलं.

"हो. तुला काही अडचण?"

"मला कसली अडचण? उद्या बसखाली येशील, एवढंच."

निळ्या टोप्या खिदळत आपल्या बाकाकडे गेल्या. तिथे फोटोची तयारी सुरू झाली.

पीटीच्या बाईंनी हाका मारल्या, मग हातवारे केले, मग डोकं धरलं. चष्मेवाली बाकावर मुसमुसत होती. लाउडस्पीकरवरून मोठ्या बाईंचा आवाज आला, की दुसऱ्या बेसवरच्या मुलीनं मैदान मोकळं करावं, बक्षीस समारंभाला उशीर होतोय. प्रेक्षक हसले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

आई कुंपणाशी येऊन शेजारच्या बाईंना सांगत होती, ही घरातही अशीच, पंख्याखालची जागा एकदा पकडली की पाहुणे आले तरी उठत नाही. मग तिलाच राहवेना.

"चल ना गं बाळा. हरलो म्हणून काय झालं?"

"आई, मी कुणाच्या सांगण्यावरून इथून हलणार नाही."

त्या आवाजात असं काही होतं की आई दोन पावलं मागे सरली. पीटीच्या बाईंनी सरळ आत जाऊन तिला दंडाला धरून आणायचं ठरवलं, पण पंचकाकांनी नुसता तळवा दाखवून त्यांना रेषेबाहेरच थांबवलं. मुलगी आहे, मन मोकळं करू दे, असंच त्यांना वाटलं असणार. स्वतः तेही जागचे हलले नव्हते.

पलीकडे निळ्या टोप्यांनी ग्लोव्ह काढून ढिगात टाकले. उंच मुली मागे, ठेंगण्या पुढे. फोटोवाला म्हणाला, इकडे बघा.

सगळ्यांनी तिकडे बघितलं.

तेव्हा खिळा हलली. आधी चालत, मग सुसाट. तिसऱ्या बेसवर तिचा पाय पडला तेव्हा लाउडस्पीकरवर मोठ्या बाईंचा आवाज मऊ झाला होता, लेकरू मैदानाचा निरोप घेतंय, घेऊ द्या. निळ्या टोप्यांनीही दोन टाळ्या दिल्या. जिंकलेल्यांना तेवढं परवडतं. खिळानं होम प्लेटवर दोन्ही पाय आपटले.

पंचकाकांनी बोट उंच केलं आणि धाव दिली.

मग मात्र शिडी किंचाळत आली, तिच्यामागे त्यांचे सर, त्यांच्यामागे अख्खा फोटो. ही केव्हाच बाद झाली होती, अख्ख्या मैदानानं बघितलंय, ही धाव कसली?

पंचकाकांनी तोंडावरची जाळी वर केली.

"हिला चेंडू लावला कुणी?"