कुलूपबंद लेख

ग्रंथपालबाईंनी चौथ्यांदा लेखाचं नाव टाइप केलं. चौथ्यांदा पडद्यावर तीच चौकट आली: वाचायचं असेल तर पैसे भरा.

"नाही उघडत हो," त्या समोर बसलेल्या शिंपीणबाईला म्हणाल्या. "या नियतकालिकाची वर्गणी तीन वर्षांत दुप्पट झाली. कॉलेजनं यंदा बंदच केली."

"पण लिहिलाय इथल्याच डॉक्टरांनी ना? माझ्या मोठीच्या आजारावरच आहे तो. धाकटीची तपासणी करायची का, ते त्यात असेल म्हणाली नर्स."

ग्रंथपालबाईंनी फोन उचलला. डॉक्टर वरच्या मजल्यावरून खाली आले, कपाळाला आठ्या घालूनच.

"एवढंच ना? मी तोंडी सांगतो त्यांना."

"मोठी गेली त्या दिवशीही तोंडीच सांगितलंत," शिंपीण म्हणाली. "तेव्हा मला काही ऐकूच येत नव्हतं."

डॉक्टर ग्रंथपालबाईंकडे वळून म्हणाले, "अहो, लेखाचे हक्क नियतकालिकाला लिहून दिलेत मी. माझाच लेख मला उघडत नाही."

"लिहिलात तुम्ही. फुकट. तपासला तुमच्याच मित्रांनी. फुकट. आणि वाचायला पैसे मोजायचे आम्ही!" ग्रंथपालबाईंचा आवाज चढला. "तुमचा शेवटचा मसुदा कॉलेजच्या साइटवर टाकायला नियतकालिकाच्याच नियमात परवानगी आहे. कुणालाही फुकट वाचता येतो. दोन वर्षांत तीन पत्रं पाठवली मी तुम्हाला."

"कुठली पत्रं?"

"तेच तर!"

डॉक्टरांनी तिथेच उभ्या उभ्या फोनमधून मसुदा शोधून पाठवला. बाईंनी तो साइटवर चढवला, एक प्रत छापली आणि गरम कागद शिंपिणीच्या हातात दिले.

डॉक्टर वाकले. शेवटच्या पानावरच्या एका वाक्यावर बोट ठेवून त्यांनी अर्थ सांगितला. "धाकट्या भावंडांची तपासणी करावीच. उद्या सकाळी घेऊन या तिला."

तिनं मान हलवली. पण पानं उलटत ती मागे एका तक्त्यापाशी गेली होती. अकरा रुग्ण, नाव कुणाचंच नाही. सातवी ओळ: मुलगी, सहा वर्षं, दवाखान्यात एकवीस दिवस.

तिचं बोट तिथून हलेना.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "साडेसहा वर्षांची होती ती."