शनिवारचा उपास

कोपरापर्यंत ओघळलेलं तूप त्र्यंबकरावांनी चाटून घेतलं, तेव्हा सुमतीबाईंनी तोंड फिरवलं. इतकी वर्षं नवऱ्याच्या उष्ट्या ताटात त्या बिनतक्रार जेवल्या होत्या. आज त्या ताटाकडे बघवेना.

शनिवारचा उपास चालला होता. साबुदाण्याची खिचडी, तुपातली रताळ्याची कापं, दाण्याचे लाडू आणि वर वाटीभर बासुंदी. रेशनच्या दिवसांतही गावाहून तुपाचा डबा न चुकता येत असे.

गेल्याच महिन्यात ठाण्याच्या डॉक्टरांनी त्र्यंबकरावांच्या उजव्या बरगडीखाली बोटं रुतवून सांगितलं होतं, "यकृतात चरबी साठलीय. तूप, गोड, तळण बंद. निम्मं जेवा, रोज तासभर चाला."

"पण मी जन्मात दारूला शिवलो नाही!" त्र्यंबकराव दुखावले होते.

"दारूशिवायही होतं हे. आत्ताच आवरलंत तर उतरेल. यकृत निबर झाल्यावर माझ्या हातात काही उरणार नाही."

डोंबिवलीला परतल्यावर त्यांनी निम्म्या जेवणाचा आपल्या सोयीने अर्थ लावला. सोमवार, गुरुवार, शनिवार धरले, एकादशी होतीच. डॉक्टरांनी लंघन सांगितलंय, असं आळीभर सांगत सुटले. चालणं म्हणाल, तर ओटीवरून पाटापर्यंत. चेहऱ्यावर तपस्व्याचा भाव आणि बंडीची बटणं लागत नाहीत! सुमतीबाईंना त्या पोटापेक्षा त्या भावाचीच जास्त किळस येई.

"आणखी वाढ. वरून तूप सोड."

"अहो, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"उपासाचं बाधत नाही गं. ताई, तूच सांग हिला!"

गोदाताई, त्यांची थोरली विधवा बहीण, चुलीशी बसून मुलांसाठी भाकऱ्या थापत होत्या. केशवपन केलेल्या डोक्यावरून लाल अलवणाचा पदर. पाण्याच्या घोटावर एकादशी काढणारी बाई. त्यांचे यजमानही पंगती गाजवायचे. पोट फुगून, पिवळे पडून चाळिशीतच गेले. घरात तो विषय कोणी काढत नसे.

आता वन्सं भावाचीच री ओढणार, असं सुमतीबाईंनी धरून ठेवलं होतं. कुठून या घरात पडलो, असं त्यांना झालं.

गोदाताई उठल्या. तव्यावरच्या भाकरीचा चतकोर मोडला आणि शिवाशिव नको म्हणून वरूनच भावाच्या खिचडीत टाकला.

त्र्यंबकरावांचा घास हातातच राहिला. "अगं ताई! मोडला की माझा उपास!"

"मोडला. आता पालेभाजीशी तेवढी भाकरी खा आणि ऊठ," घसरलेला पदर डोक्यावर ओढत गोदाताई म्हणाल्या. "या घरात एक अलवण पुष्कळ झालं."