जेलीफिशचा चिकटा

विषुववृत्तावर आमच्या संशोधन जहाजाच्या डेकवर सबनीस सर फक्त नाचायचे बाकी होते. इथे वरचं पाणी पश्चिमेला वाहतं आणि खालचं पूर्वेला. दोन्ही घासतात तिथली खळबळ आमच्या यंत्राने टिपली होती, आणि तीही अपेक्षेच्या दसपट!

यंत्र वर आलं, तर टोकाला लिबलिबीत जेलीफिश चिकटलेली. मी ती उघड्या हातांनी खरवडून काढली आणि यंत्र पुन्हा पाण्यात सोडलं. खळबळ होती, पण नेहमीइतकीच.

"सर, आधीचा आकडा या घाणीचा होता."

"कोणी पाहिलंय? तोच छापू. तुझंही नाव घालतो," म्हणत त्यांनी अभिनंदनासाठी माझा बरबटलेला हात दाबला.

जेलीफिशची किळस वाटली नव्हती मला. आता मात्र शी! चिकटा कधीच गेला, तरी साबण लावून हात रगडतेच आहे.