तेहतीस अनारसे

दुर्गाच्या माहेरी, कल्याणला, बाळाचं बारसं होतं. ठाण्याहून आलेल्या तिच्या सासूबाईंनी बाळाला हातही लावला नाही. पाळण्याभोवती जमलेल्या बायकांदेखत त्या कडाडल्या, “माझा मुलगा वर्षभराने चार दिवस घरी आला आणि वैशाखाच्या अमावास्येला भुसावळला नोकरीवर परत गेला. हे पोर झालं पौषाच्या शेवटी. मोजा की बोटांवर!”

बायकांनी मोजलं. ज्येष्ठापासून पौषापर्यंत आठच बोटं झाली.

“आठ महिन्यांचं पोर एवढं बाळसेदार असतं होय? हे आमच्या रक्ताचं नाही. हिला मी उंबऱ्यात पाऊल ठेवू देणार नाही.”

दुर्गाच्या वडिलांची मान खाली गेली. दुर्गाने मात्र पदर सावरून सरळ सासूबाईंकडे पाहिलं.

“यंदा आषाढ दोनदा आला, सासूबाई. अधिकात अण्णांनी जावयाच्या वाणाचे तेहतीस अनारसे तुमच्याकडे पाठवले होते. तुम्ही ते दोनदा मोजलेत, आणि दोन कमी भरले म्हणून डबा तसाच परत धाडलात. तो महिना काय फक्त अनारशांपुरताच होता?”