समोरच्यांचा निकाल

जावई गेला आणि वर्ष व्हायच्या आत विहिणीने माझ्या लेकीला घर खाली करायची नोटीस धाडली. वकीलबाई जुने निकाल शोधत बसल्या.

"नीट शोधा हो. दुसरी नापास असून मीही घराची केस हायकोर्टापर्यंत नेऊन जिंकलेय. भल्याभल्यांना पाणी पाजलंय."

"मग तुम्हीच उभ्या राहा, आजी," त्या हसल्या. लेक मात्र मान खाली घालून बसली होती.

ढीगभर निकाल चाळून त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. "समोरच्यांनी हा निकाल दाखवलाय. याला तोड सापडत नाही."

कोर्टाची भाषा मला कळत नाही, पण नावं वाचता येतात.



वर माझं नाव होतं आणि त्याखाली, मी घराबाहेर काढलेल्या माझ्याच विधवा सुनेचं.